मोठी मडकी परदेशी, लहान मडकी गावठी

"नक्की बाहेरची माती?" फोनवर आमच्या डायरेक्टर सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"शंभर टक्के, सर," मी म्हणाले. हे शंभर टक्के मला चांगलेच नडले.

भोकरदनजवळ आमचं उत्खनन चालू होतं. मी तिथली केमिस्ट. मातीत काही धातू अगदी चिमूटभर असतात, आणि जागा बदलली की त्यांचं प्रमाण बदलतं. म्हणून खापर एक्स-रे मशीनवर ठेवायचं, आकडे बघायचे आणि मडकं कुठल्या मातीचं ते सांगायचं. त्या दिवशी सातही मोठ्या खापरांत टायटॅनियम भरमसाट निघालं. इथल्या मातीत ते असतंच, पण इतकं? लहान तुकडे मात्र अगदी इथले. झालं, माझं डोकं सुसाट सुटलं. मोठे रांजण व्यापाऱ्यांनी समुद्रापलीकडून आणले, लहान गाडगी गावातच घडली! सर इतके खूश झाले, की त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांनाच बोलावलं.

खापरं धुऊन त्यांवर नंबर टाकणाऱ्या कमरुनबी शेजारीच बसल्या होत्या.

"म्याडम, ही तर आपल्या केळना नदीचीच माती दिसून राह्यली."

"आपा, टायटॅनियम डोळ्यांना दिसत नाही," मी म्हणाले. अगदी याच शब्दांत. आठवलं की अजून लाज वाटते.

"न्हाई दिसत, बराबर हाय," त्या हसल्या. "पर तुमी मोठी खापरं माझ्या नंबरावरच कामून ठेवून राह्यल्या?"

मी खापर उलटं केलं. खापराच्या आतल्या बाजूला व्हाइटनरचा ठिपका द्यायचा आणि त्यावर शाईने नंबर लिहायचा, ही आमची पद्धत. लहान तुकड्यावर ठिपका मावत नाही, म्हणून त्याचा नंबर पुडीवर. व्हाइटनरचा पांढरा रंग टायटॅनियमचाच असतो, हे केमिस्टला माहीत असायला हरकत नव्हती. मशीन खालची बाजू मोजतं, आणि आतली बाजू स्वच्छ म्हणून मी नेमकी तीच खाली ठेवत होते. आणि ती बाटली जालन्याहून आणली कुणी? मीच!

सातही खापरं उलटी ठेवून पुन्हा मोजली. सातही इथलीच.

"सर, पत्रकारांना थांबवा."

सर म्हणाले, "म्हणजे समुद्रापलीकडून काहीच आलं नाही?"

"नाही, सर. जालन्याहून व्हाइटनर आलं, तेवढंच."

आता कुठलंही खापर मशीनवर ठेवण्याआधी मी ते आपांच्या हातात देते. त्या बघतात, उलटं करतात आणि परत देतात. बोलत काही नाहीत, हे त्यांचे उपकार.