कोरड्या बारवेतला डोंगर

हसायचं तर हसा, पण आधी माझा चहा संपू द्या. सगळ्या गावाला पाण्याची आशा लावून मी एकदा अशी काही तोंडघशी पडले, की अजूनही कुणी 'बारव' म्हटलं की माझ्या पोटऱ्या दुखतात.

लग्न होऊन उमरग्याकडं आले ती ऐन दुष्काळात. गाव कसं? तव्यासारखं सपाट, आणि तव्याइतकंच तापलेलं. शाळेत असताना मी पळायचे. लग्नाआधीच येडशीच्या डोंगरातल्या बायकांच्या शर्यतीला माझं नाव गेलेलं. आमचे हे सोसायटीत कारकून. म्हणाले, "एकदा पळून घे. आईला मी सांगतो, तू काही बोलू नको." मी कशाला बोलतेय? मला तसंही फार बोलता येत नाही. आणि ह्यांनी काही सांगितलंच नाही.

आता सपाट गावात डोंगर आणायचा कुठून? गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे सोसायटीच्या गोदामाचं छप्पर. नवी सून तिथं कशी चढणार? मग एक दिवस गावाबाहेरची बारव दिसली. पार कोरडी, पायऱ्या तळापर्यंत मोकळ्या. म्हटलं, हा डोंगरच की. उलटा आहे, इतकंच.

पहाटे जायचे. रिकाम्या हातानं बाहेर पडलेली सून डोळ्यांत येते, म्हणून कमरेवर घागर. शाळेतल्या बाई सांगायच्या, चढाचा सराव वजन घेऊन करावा, म्हणून घागरीत अर्ध्याला घरचं पाणी. थेंब न सांडता खाली उतरायचं, घागर उराशी धरून पळत वर यायचं, घरी जाऊन पाणी परत रांजणात.

पण दुष्काळात माणसांचे कान किती तिखट होतात, हे मला कुठं ठाऊक होतं? घागरीत पाणी डचमळलं की पलीकडच्या गल्लीतली बाई जागी होते. शेजारच्या शेवंताकाकूंनी मला बारवेतून वर येताना गाठलं. पदर घामानं भिजलेला, धाप लागलेली, घागर डचमळतेय.

"पानी हाय व्हय गं खाली?"

नाही म्हणावं तर घागरीत पाणी. पळते म्हणावं तर लाज. मी नुसती हसले आणि चालायला लागले. इतकं महागात पडलेलं हसू मी पुन्हा हसले नाही.

संध्याकाळी काकू आमच्या दारात. "वैनी, तुमची सून लई पायगुणाची. बारवंला पाझर फुटला की."

मी माप ओलांडून घरात आले आणि पाऊस गेला तो गेलाच. तेव्हापासून बायका माझ्या पायांकडं बघूनच बोलायच्या, आणि सासूबाई गप्प ऐकून घ्यायच्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांची मान ताठ झाली. "म्या म्हनतच हुते," काकूंना म्हणाल्या. म्हणत वगैरे काही नव्हत्या. पण रात्री माझ्या भाकरीवर तेल-चटणी जरा जास्त पडली, आणि माझं तोंड तिथंच बंद झालं. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या पहाटे मी नेहमीसारखी बारवेत उतरले, तळाशी वळले, वर पाहिलं, तर काठावर सगळं गाव. घागरी, हंडे, डबे, कुणाकडं तर दुधाची किटली. सगळ्यांच्या पुढं सासूबाई, हळदकुंकू आणि नारळ घेऊन.

"थांब, आदी बारवंची वटी भरू दी. घागर भरली का?"

"ही घरूनच आणलीय, आत्याबाई."

"आन् पाझर?"

"पाझर नाही."

"मंग येतीस कशाला हितं?"

"पळायला."

"कुनासंगं?" शेवंताकाकू.

मग वर येऊन सगळं सांगितलं. शर्यत, चढ, वजन. एकेक बाई रिकामा हंडा खाली ठेवून तिथंच टेकली. सासूबाईंनी नारळ पदराखाली घेतला.

"म्हंजे माझ्या रांजणातलं पानी रोज हितं फिरवून आनत हुतीस?"

"एक थेंब सांडला नाही."

"येवढं तरी बरं." मग म्हणाल्या, "समदी आल्यातच, तर पळून दाव. चांगली पळालीस तर जा डोंगराला. न्हायतर हितनं फुडं टँकरपतोर चालायचं, तेवढंच."

घागर त्यांच्यापाशी ठेवली, पदर खोचला आणि सुटले. खाली, वर, पुन्हा खाली. कुणीतरी रिकाम्या हंड्यावर ठेका धरला. पाठोपाठ सगळेच हंडे वाजायला लागले. काकू म्हणत होत्या, "हान, पोरी, हान." पायांत असला जोर मला शाळेतही कधी आला नव्हता. शेवटची पायरी चढून सासूबाईंसमोर उभी राहिले.

"जा डोंगराला," त्या म्हणाल्या. चेहरा खुलला होता त्यांचा. आता मी नुसतं उभं राहायचं होतं.

पण घशाला कोरड पडलेली. साऱ्या गावाच्या रिकाम्या भांड्यांच्या मधोमध उभी राहून मी म्हणाले,

"आत्याबाई, जरा पाणी मिळेल का?"