जुन्या शाळेतलं जातं

तासगावकडच्या आमच्या गावात जुन्या दगडी शाळेचं संग्रहालय झालं आणि राखण माझ्याकडे आली. धूळ रोज झाडतो, ती रोज बसते. किस्स्यांचंही तसंच. फक्त ते झाडावेसे वाटत नाहीत.

* * *

वस्तू गावानेच दिल्या. सखुकाकूंनी जातं दिलं. पंधरवड्यात काकू दोन गडी घेऊन दारात!

"नातीची हळद दळायचीय. उचला रं!"

"काकू, तुम्ही ते म्युझियमला दिलंय."

"आवं, दिलंय म्हंजी इकलंय व्हय?"

तेव्हापासून लगीनसराईत जात्याच्या जागी नुसती पाटी असते: 'जातं'.

* * *

शेवटच्या गुरुजींनी निरोपाच्या दिवशी फळ्यावर लिहिलेली ओळ मी फळ्यापुढे दोरी बांधून जपली होती. एका सकाळी पाहतो तर फळ्यावर: 'उद्या पाणी सुटणार नाही.'

पाणी सोडणारा तुकाराम म्हणाला, "गाव कायम ह्योच फळा वाचतंय. दुसरीकडं लिवलं तर बाया मला शिव्या देत्यात!"

ओळ मला पाठ होती. पण गुरुजींचं अक्षर कुठून आणू?

* * *

दोन म्हातारे मित्र आले आणि एकाच बाकावरून भांडले.

"भिंतीकडंची जागा माझी हाय!"

"गड्या, तू नापास झालास, तवा माझ्या शेजारी आलास. सरक!"

दुपारी मला कुलूप लावायचं होतं. दोघंही उठेनात!

* * *

मग सरपंच आले. "वस्तू जाग्यावर न्हाईत, मानसं येत न्हाईत. ह्याला म्युझियम म्हनायचं? बेदाण्याचं गोडाऊन करू. एक तारखेला किल्ली द्या."

भांडायचं बळ उरलं नव्हतं. आपापल्या वस्तू घेऊन जा, असं गावभर सांगितलं. कुणी आलं नाही. सखुकाकू म्हणाल्या, "आता घरात जागा कुठाय?"

* * *

एक तारखेला किल्ली सरपंचांच्या हातात दिली आणि घरी येऊन चहा टाकला. चहा गाळतोय तोच बोलावणं आलं.

शाळेच्या दारात सरपंचांच्या घरच्या सगळ्या बाया आणि दोन गडी! मुलीची हळद. गावात दुसरं जातं उरलेलं नव्हतं. सरपंचांनी स्वतः कुलूप काढलं. सरपंचीण वहिनींनी जात्याच्या खुंट्याला आंब्याची पानं बांधली आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, लगीन झालं की आनून ठिवते. उघडं असंल न्हवं?"

"सरपंचांना विचारा वहिनी. किल्ली त्यांच्याकडं आहे."

सगळ्या बाया सरपंचांकडे बघायला लागल्या.

सरपंचांनी किल्ली माझ्या खिशात टाकली आणि गड्यांवर ओरडले, "बघत काय उभारलाय? उचला रं जातं!"