चार आत, सहा बाहेर

शेजारच्या सतरंजीवरच्या बाईची शाल श्वासाबरोबर वर जात होती, खाली येत होती. डोळे मिटायचे सोडून मी तीच बघत पडले होते. शिकवणारी मुलगी एका सुरात सांगत होती, "चार मोजत आत, सहा मोजत बाहेर." पाऊण तास हेच. हळूहळू हॉलभर हुंदके सुरू झाले.

सूनबाईने मला या श्वासाच्या शिबिरात आणलं ते यासाठीच. हे गेले त्याला चार महिने झाले, पण माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. "आई, एकदा रडून घ्या हो," म्हणते बिचारी.

पंचविशीत अशाच एका शिबिरात मी धो धो रडले होते. साफ खोटं! सगळ्या रडतायत, मग आपण मागे कशाला? वर गुरुजींना ठोकून दिलं, निळा प्रकाश दिसला. काय नाटकी बया होते मी! घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "निळा? आपल्या झिरोच्या बल्बचा असेल."

आज प्रकाश नाही, डोळ्यांत पाणी नाही. शाल तेवढी वर, खाली. चार महिने माझंही हेच चाललंय की, कुणी मोजायला न सांगता. घ्यायचा का, असं श्वास कुठे विचारतो?

शेवटी मुलीने वाकून विचारलं, "आजी, काय जाणवलं?" दारात सून आशेने उभी. तिच्यासाठी दोन थेंब काढणं मला अजूनही सहज जमलं असतं.

"काही नाही गं बाळा," मी म्हटलं. "उद्या किती वाजता यायचं?"