रेघ नसलेली बाटली

“पेली छोकरीने पूछो, एने अंग्रेजी आवडे छे.”

वॉर्डच्या दारात नर्स कुणाला तरी सांगत होती. पेली छोकरी, म्हणजे ती मुलगी, मीच होते. गुजरातीत ‘आवडे छे’ म्हणजे ‘येतं’. माझ्या मराठी कानाला ते आवडण्यासारखंच ऐकू आलं... हातात नानांचा चार पानी रिपोर्ट होता आणि त्यातलं सगळं मला येत होतं. पप्पा पांडेसऱ्याच्या मिलमधून अर्धी सुट्टी टाकून आले होते. काय लिहिलंय ते मला सांग, नानांना नको, असं ते म्हणाले. मी सांगितलं. ते जिन्यात जाऊन बसले. मी रिपोर्टची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि नानांच्या खाटेकडे परत गेले.

नानांना जाऊन आता सात आठवडे झाले. ते पप्पांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, बमरोलीत आमच्याच दोन खोल्यांत राहिले. खानदेशातून सुरतेला आलेली आमच्या गल्लीतली सगळी माणसं कपड्याच्या मिलमध्ये गेली, नाना एकटेच हजीऱ्याच्या जेटीवर गेले. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत माणसं पोचवणाऱ्या लाँचचं इंजिन त्यांच्याकडे होतं. ज्याने विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही तो बोटीवर काय करणार, म्हणून गावाकडचे हसायचे. त्यावर नाना म्हणायचे, आपल्या गावावरून वाहते तीच तापी इथे समुद्राला मिळते, मी फक्त तिच्या मागोमाग आलो.

डिझेलमध्ये पाणी जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं खरं काम. बाकी इंजिन कुणीही चालवतो, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी लाँच बांधली की आधी टाकी काठोकाठ भरायची, कारण अर्ध्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत रात्री घाम धरतो आणि तो घाम खाली उतरतो. टाकीच्या झाकणाचं रबर बोटांनी चाचपायचं, चिरलं असेल तर त्यातून लाटेचं पाणी आत जातं. आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तळाची तोटी सोडून एक बाटलीभर डिझेल काढायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि उजेडाला धरून बघायचं. पाणी जड, ते खाली बसतं. दोघांच्या मध्ये बारीक रेघ दिसते. भर ओहोटीत इंजिन बंद पडलं तर लाँच कुठे ओढली जाईल ते सांगता येत नाही, आणि वर तीस माणसं बसलेली असतात... हे ते अगदी सावकाश सांगायचे, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

मला हे ठाऊक असण्याचं कारण माझी इंग्रजी शाळा. आठवीत असताना नवीन इंजिनाचं इंग्रजी पुस्तक घेऊन ते घरी आले आणि वाच म्हणाले. मी घरात कमी बोलायचे. सगळे अहिराणी बोलत, मला ती कळायची, पण उत्तर मराठीत नाहीतर हिंदीत द्यायचे. तोंडातून अहिराणी निघाली की शाळेतल्या मुली हसतील असं घरातसुद्धा वाटायचं. पुस्तकात एके ठिकाणी ‘सिस्टिम ब्लीड करा’ असं होतं. इंजिनाचं रक्त काढायचं, असं मी गंभीरपणे सांगितलं. नाना इतके हसले की मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. डिझेलच्या नळीतली हवा काढणं, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे कित्येक वर्षं मी घरात दिसले की ते म्हणायचे, “या डॉक्टरीणबाई, रगत काढाले.”

त्यांची ती बाटली कधी कधी घरीही यायची, कॉफीची, रुंद तोंडाची. ती खिडकीत ठेवून ते मला विचारायचे, “काय दिखस, बेटा?” एकदा मी ऐटीत म्हटलं, काहीच नाही, एकदम साफ. ते म्हणाले, रेघ दिसली तर बरं असतं, खाली थोडंच पाणी आहे हे कळतं. रेघच नसेल तेव्हा घाबरायचं. अख्खी बाटली डिझेलची असेल किंवा अख्खी पाण्याची. टाकीत राहून पाणीसुद्धा पिवळट होतं, नजर फसते. मग त्यांनी बोटावरून पाण्याचा एक थेंब बाटलीत सोडला. मण्यासारखा तो तळाला जाऊन बसला. डिझेल आहे, ते म्हणाले. थेंब दिसेनासा झाला असता तर पाणी.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या छातीतलं पाणी काढत होते. पाठीतून नळी, खाली बाटली. पडल्या पडल्या त्यांना ती दिसायची नाही. त्या दिवशी मी जवळ बसले तेव्हा त्यांनी रिपोर्टचं विचारलं. “चांगला व्हई तं थांबस, नई तं माले गावले लई चला,” म्हणाले. तापीकाठच्या घरी आठ दिवस मिळाले तरी पुरे होते त्यांना. चांगला आहे, औषध लागू पडतंय, मी म्हणाले. त्यांनी खाली बोट दाखवून विचारलं, “काय दिखस?”

“साफ आहे, नाना.”

“रेघ नई?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “थेंब टाकीसन पाह्यना का?”

ते थट्टा करतायत असं समजून मी हसले. समजून नव्हे... तसं दाखवून. मग चहा आणते म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, गावाचं नावही काढलं नाही. बाराव्या दिवशी ते त्याच खाटेवर गेले. पप्पा म्हणतात, बरं केलंस. डॉक्टर म्हणाले, प्रवास झेपला नसता. दोघांचंही खरं असेल. पण ते थांबले ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द खोटा आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, हे आता कुणाला विचारू?

मागच्या रविवारी लाँच हाकणारे तांडेल जयंतीभाई नानांची पिशवी द्यायला आले. नाना आजारी पडल्यापासून लाँच बांधलेलीच होती, टाकी अर्धीच राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सुटायची होती. त्यांनी सकाळी तळाची तोटी सोडून नानांच्याच बाटलीत भरून आणलं होतं. मला तर साफ दिसतंय, म्हणाले, पण नाना सांगायचे, आमच्या पोरीची नजर पक्की आहे. तू बघ.

मी बाटली खिडकीत धरली. पिवळट, वरपासून खालपर्यंत एकसारखं. रेघ नव्हती. मी मोरीत गेले, बोट ओलं करून आले आणि बाटलीवर धरलं. थेंब पडला... आणि दिसेनासा झाला. जयंतीभाई माझ्या तोंडाकडे बघत होते, मम्मी दारात उभी होती. बाटली खाली न ठेवता मी म्हणाले,

“पानी शे, नाना. माले मालूम व्हतं.”