गुणोत्तराचं भेव

गणिताच्या मास्तराकडे किस्से आपोआप साठतात आणि खरं सांगतो, त्यातले निम्मे भीतीचे असतात. औरादला मी दहावी नापास झालेल्या मोठ्या माणसांचा दुपारचा क्लास घेतो. फळ्यावर 'गुणोत्तर' लिहिलं की चार जण पाणी प्यायला उठतात!

वर्गातल्या बसप्पाअण्णांचं किराणा दुकान आहे. त्यांना मी गणित घातलं. चाळीस पोरं, मुलगे आणि मुली पाचास तीन, तर किती किती? अण्णांनी क्षणात सांगितलं, पंचवीस आणि पंधरा. म्हटलं, आता क्ष आणि य धरून दोन समीकरणं मांडा. अण्णांना दरदरून घाम!

"उत्तर आलंय की सर, आता त्याला कामून छळायलाव?"

मंगलाक्का अंगणवाडीत मदतनीस. दहावी झाली तर सेविका होतील, पण वयाच्या अटीमुळे यंदाची शेवटची संधी. दोनदा गणितानंच घात केला होता. त्यांना धीर यावा म्हणून मी खिचडीचं गणित दिलं. तांदूळ आणि डाळ तिनास एक, मिळून चोवीस किलो. अक्कांनी लिहिलं, तांदूळ तीन किलो, डाळ एक. मी सहज विचारलं, उरलेले वीस किलो गेले कुठं? अक्कांचा चेहरा पांढराफटक!

"आईशप्पत सर, म्या न्हाई नेले. चौकशी लावू नका."

वर्ग हसला, मीही हसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे त्या गाणगापूरला जाऊन आल्या. पुजाऱ्याला विनवून गणिताचं पुस्तक पादुकांपुढे ठेवलं, तेही गुणोत्तराचं पान उघडून! पुजाऱ्यानं विचारलं, बाकीच्या पानांचं काय? अक्का म्हणाल्या, ते माझं मी बघते.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. अक्का बाहेर आल्या आणि प्रश्नपत्रिका माझ्यापुढे धरून काय काय लिहिलं ते सांगू लागल्या. बाप-लेकाच्या वयांचं गणित आलं होतं. आज सातास दोन, पाच वर्षांनी आठास तीन. अक्कांनी दोन्ही समीकरणं मांडली होती, ती सोडवलीही होती. बाप पस्तीस, लेक दहा. अगदी बरोबर! बाकीचा पेपर जुळवून पाहिला, तर पास व्हायला शेवटच्या ओळीचे दोन मार्क हवेच होते. त्या ओळीत पाच वर्षांनंतरची वयं विचारली होती, नुसते पाच मिळवायचे. मी विचारलं, लिहिलंत ना?

"लेकाचं पंधरा लिवलं, सर," अक्का म्हणाल्या. "बापाचं लिवायला हात धजंना. आमचे मालक पस्तिसाव्यातच गेले."