मला गाढव म्हणणारं वाचनालय

हसणार असाल तर आत्ताच उठा, मी पुढं काही सांगणार न्हाय. माझं डोकं अजून तापलेलंच आहे. कुणावर तापलंय ते शेवटी तुम्हीच ठरवा. पण मी माती खाल्ली ती अशी खाल्ली, की सीमाभागातल्या आमच्या वडगावातली माणसं अजून मला बघून तोंडावर रुमाल धरतात.

मी परशुराम. उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फौंड्रीत कामाला आहे. दिवसभर भट्टीपुढं भाजून निघायचं आणि घरी येऊन पुस्तक उघडायचं, एवढंच माझं सुख. त्यातही मला खून लागतो. पहिल्या पानावर मुडदा पडला न्हाय तर जेवण पचत न्हाय!

घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयातल्या खुनाच्या सगळ्या कादंबऱ्या मी वाचून संपवल्या. आता पुढं काय? तेवढ्यात तिथं नवीन मॅडम आल्या. विजापूरकडून बदली होऊन आल्यात. मराठीचा गंध न्हाय, पण कामाला लई हुशार. आल्या आल्या त्यांनी कुणाकडनं तरी लिहून घेऊन भिंतीवर पाटी लावली, मराठीत आणि कन्नडात: 'पुढचं पुस्तक कुठलं वाचू? आम्हाला विचारा.'

मी म्हटलं, विचारू की!

आता माझं कन्नड म्हणजे बाजारातलं कन्नड. भाजी घेता येती, रिक्षावाल्याशी भांडता येतं, शिव्या तर सगळ्या समजतात. पण पुस्तकाबद्दल बोलायचं म्हटल्यावर शालन आक्कांना धरलं. शालन आक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या, विणकरांच्या, मागाच्या घरातल्या. जन्मभर मागाच्या खडखडाटात बोललेल्या, त्यामुळं वाचनालयातसुद्धा त्यांचा आवाज पलीकडच्या चौकात ऐकू जातो. रोज सकाळ-संध्याकाळ पेपर वाचायला तिथं असतात. दोन्ही भाषा पाण्यासारख्या.

मी आक्कांना म्हटलं, "मॅडमना सांगा, आता मला जाड पुस्तक होत न्हाय. दमून येतो, आडवा होऊन वाचाय लागलो की झोप लागती. परवा तर पुस्तक नाकावर पडलं!"

नुसतं सांगून भागतंय होय? मी करून पण दाखवलं. खुर्चीत मागं रेललो, घोरलो, आणि पुस्तक नाकावर आपटून घेतलं.

आक्का खदाखदा हसल्या. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मान हलवली आणि आक्कांना म्हणाल्या, "इवरिगे कतीनं सरी."

मला काय ऐकू आलं सांगू? "इवरु कत्तीनं, सरी!"

इवरु म्हणजे हे. आणि कत्ती म्हणजे, आमच्या भागात शेंबडं पोरगं पण सांगंल, गाढव! 'हे गाढवच आहेत, बरोबर!'

अंगाची लाही लाही झाली! अहो, पुस्तक मागायला आलेल्या माणसाला गाढव? सरकारी खुर्चीत बसून? आणि शालन आक्का, ज्यांना मी सख्ख्या बहिणीसारखं मानतो, त्या हसतायत!

मी ताडकन उठलो आणि चालायला लागलो. मागनं आक्का ओरडल्या, "आरं परशा, थांब की! घेऊन जा की!"

काय घेऊन जाऊ? अपमान? तो घेतलाच होता!

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तरी डोकं थंड होईना. चहाच्या टपरीवर मारुतीनं विचारलं, "काय रं, थोबाड का असं?"

"मला गाढव म्हणाल्या."

"कोण, वहिनी?"

"न्हाय रं! वाचनालयातल्या मॅडम."

"कुठल्या भाषेत?"

"कन्नडात."

"मग तर लईच झालं!" मारुतीनं चहाचा ग्लास आपटला. हा मारुती म्हणजे बसच्या तिकिटाशिवाय आयुष्यात काही वाचलेला न्हाय. पण त्याचा राग बघायला पाहिजे होता! "आणि तू गप आलास?"

आता गप आलो म्हणायला लाज वाटली. म्हणून मी थोडं वाढवून सांगितलं. मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, बोट दाखवून म्हणाल्या. शेजारच्या बाकड्यावरच्यांनी ऐकलं, त्यांनी अजून थोडं वाढवलं. दुपारच्या जेवणापर्यंत ही गोष्ट मशीन शॉपमधनं फिरून माझ्याकडं परत आली, तेव्हा त्या मॅडमनी माझ्या अंगावर पुस्तक फेकलं होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, 'मराठी माणसांनी आत येऊ नये'!

आणि मी काय म्हणालो? "असं न्हाय झालं" म्हणालो? छे! मी म्हणालो, "व्हय, जवळजवळ तसंच."

संध्याकाळी माझा मेहुणा संभा घरी आला. तो म्हणाला, "दाजी, असं सोडायचं न्हाय. वर तक्रार करू. बाईंची बदली झाली पाहिजे." एकटी बाई, नवीन गाव, येऊन महिना झाला नसंल. एवढं डोक्यात आलं खरं. पण राग एकदा खांद्यावर बसला की उतरत न्हाय बघा. मी म्हणालो, "करू!"

बायको आतनं म्हणाली, "अहो, आधी शालन आक्कांना विचारा तरी."

मी म्हणालो, "तिचं नाव काढू नकोस!"

शनिवारी सुट्टी होती. मी पुढं, मागं मारुती, संभा आणि फौंड्रीतली चार टाळकी. संभानं मोबाईल चालू केला होता, सगळं चित्रित करायला. असा आमचा मोर्चा वाचनालयात घुसला. पेपर वाचणारी म्हातारी माणसं खुर्च्या सावरून बसली. शालन आक्का चष्म्यावरनं बघायला लागल्या. आणि मॅडम मला बघून चक्क हसल्या! हसल्या! मग तर माझं टाळकंच फिरलं.

सकाळपासनं पाठ केलेलं वाक्य मी ठणकावून म्हणालो, "मॅडम! नानु कत्ती अल्ल!" मी गाढव न्हाय!

मॅडमनी जरा विचार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "हंगार, कादंबरी?" मग कादंबरी का?

कादंबरी? मी गाढव न्हाय म्हणतोय आणि ही बाई कादंबरी काढती?

"कादंबरी ब्याड! निन्नी कत्ती अंदिरी!" मी ओरडलो. कादंबरी नको, काल मला गाढव म्हणालात! दोन दिवस झाले होते, पण परवाला कन्नडात काय म्हणतात ते रागात आठवंना.

"हौद्री, अंदे," मॅडम म्हणाल्या. व्हय, म्हणाले की.

बघा! कबूल! मी मागं वळून मारुतीकडं बघितलं. मारुतीनं बाह्या वर केल्या. संभा मोबाईल घेऊन एक पाऊल पुढं आला.

मॅडमचं अजून संपलं नव्हतं. माझ्या नाकाकडं बोट करून त्या लई प्रेमानं म्हणाल्या, "निमग सण्ण सण्ण कती छलो."

सण्ण म्हणजे बारकं. छलो म्हणजे चांगलं. तुम्हाला बारकी बारकी गाढवं चांगली!

"बारकं गाढव?" मी टेबलावर हात आपटला. "मी बारकं गाढव? आता तर तक्रार जाणारच! तुमची बदली केल्याबिगर..."

"आरं ए परशा!" शालन आक्कांचा माग सुरू झाला. खिडकीच्या काचा हादरल्या. "गाढव कुठनं आणलंस मधी?"

"आक्का, तुमच्यासमोर कत्ती म्हणाल्या की!"

"कत्ती न्हवं रं मुडद्या, कती! कती! एकच त! कती म्हणजे कथा. गोष्ट! तुला जाड पुस्तक होत न्हाय, झोप लागती, म्हणालास का न्हाय? म्हणून त्या म्हणाल्या, ह्यांना कथाच बऱ्या. बारक्या बारक्या कथा. एक वाचायची आणि झोपायचं. तुझ्यासाठी पुस्तक काढून ठेवलंय त्यांनी, तवापासनं!"

मॅडमनी खणातनं पुस्तक काढलं. बारकंसं. खुनाच्या कथा. मराठीत! ज्या बाईंना मराठी वाचता येत न्हाय, त्यांनी मराठीच्या कपाटातनं कुणाकुणाला विचारून शोधून काढलेलं.

मग आक्कांनी मॅडमना सगळा प्रकार कन्नडात समजावून सांगितला. मॅडम आधी घाबरल्या, माझ्या मागची टोळी बघून त्यांचा चेहरा उतरला. ते मला अजून आवडत न्हाय. मग हळूहळू त्यांना अर्थ लागला आणि त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हातारी माणसं हसली. मागनं पण हसू आलं म्हणून वळून बघतो तर मारुती!

"तू का हसतोस रं? बाह्या वर करून आलतास ना?"

"मी आलतो गाढवासाठी," मारुती डोळे पुसत म्हणाला. "गोष्टीसाठी कोण मारामारी करतं?"

हा माझा मित्र! आणि वर काय केलं माहिताय? मॅडमना स्वतःसाठी पुस्तक विचारलं आणि तिथल्या तिथं सभासद झाला. आता चहाच्या टपरीवर मलाच विचारतो, "तू हे वाचलंस का?" राग येणार न्हाय तर काय होईल?

मेहुण्याचं तर नावच काढू नका. त्यानं ते चित्रीकरण आमच्या सगळ्या पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं. खानापूरपासनं लोंढ्यापर्यंत माझं 'नानु कत्ती अल्ल' वाजतंय! बायको भाकरी थापता थापता तेच म्हणती, आणि वाढताना विचारती, "कादंबरी वाढू?"

मॅडमची मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी हातानंच 'असू दे' केलं. बाई मोठ्या मनाच्या. मी तसा न्हाय, म्हणून अजून तापलोय.

पण पुस्तक! पुस्तक असं होतं की एकदा पण नाकावर पडलं न्हाय. संपलं. आता दुसरं आणायचं म्हणजे परत त्याच दारात जायचं. ह्या खेपेला चूक करायची न्हाय, मी ठरवलं. घरापासनं घोकत निघालो: कती, कती, कती. एकच त. हलका त. वाटेत कुणाशी बोललो न्हाय, एकानं हाक मारली तर नुसता हात केला.

दारात पोचलो. मॅडमनी मान वर केली. सगळ्या म्हाताऱ्यांनी पेपर खाली केले. कोपऱ्यात शालन आक्का. मला घाम फुटला. छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मॅडम, वंद कत्ती कोडरी!"

म्हणजे, मॅडम, एक गाढव द्या.

मॅडमनी तोंडावर पदर घेतला. बोलल्या त्या शालन आक्का. पेपरचं पान उलटत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मागतोस कशाला रं? आत्ताच आलं की एक!"