सेलिना टीचरचं शहाळं

सेलिना टीचरला चुकीचं उत्तर खपत नसे. वेंगुर्ल्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि ती जीवशास्त्र. माझ्या तासाला मुलं काहीही ठोकून द्यायची आणि मी हसून सोडून द्यायचे. तिच्याकडे ती सोय नव्हती. ‘साधारण असंच’ म्हणणाऱ्याला ती उभंच ठेवायची. मी तिला फौजदारीणबाई म्हणायचे आणि तीही तोऱ्यात मान उडवायची.

पेशीचा धडा मात्र तिच्याच तोंडून ऐकावा. आमच्या वर्गांमधली भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे मी तो फुकटात कितीदा तरी ऐकला. ती कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवायची. फोडींना पाणी सुटलं की पेशीतलं पाणी बाहेर कसं आलं ते दाखवायची आणि मग त्या फोडी वर्गात वाटायची. पुढे पेशीपटल यायचं. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, ते तो ठरवतो. सोडियम बाहेर, पोटॅशियम आत, हे काम आपण जिवंत असेपर्यंत चालूच. एवढं सांगून झालं की ती फळ्यावर एक शहाळं काढायची. “हे आपल्याकडचं पोटॅशियम,” म्हणायची. त्या शहाळ्यामुळे तो धडा बऱ्याच मुलांच्या लक्षात राहिला आणि मागून येणाऱ्या मुलांनाही ते ऐकून ठाऊक असायचं.

तिचा नवरा रॉकी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मोठा हसरा माणूस. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं आणि पाणी मापाचं झालं. तहानेने तो लहान मुलासारखा रडवेला व्हायचा. बघायला येणाऱ्यांना सेलिना सांगायची, पाणी देऊ नका. पण आपल्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोण जातं? जो तो शहाळी घेऊन यायचा. आजाऱ्यासाठी आणलेलं परत कसं करायचं, म्हणून ती हसून घ्यायची आणि माणसं गेली की शेजारच्या पोरांना देऊन टाकायची. सगळ्यांना वाटे, रॉकी पितोय.

निजामभाई रॉकीचा जुना दोस्त. आपल्या होडीच्या इंजिनाला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. एका दुपारी सेलिना शाळेत असताना तो आला, तर रॉकी म्हणाला, “निजाम, घसो सुकलो रे.” पाणी द्यायचं नाही हे निजामभाईला ठाऊक होतं, म्हणून त्याने पाणी दिलं नाही. आणलेली दोन शहाळी सोलून पाजली. शहाळं त्याच्या लेखी पाणी नव्हतंच, औषध होतं. रॉकीला मात्र सगळं माहीत होतं. पण तहान फार वाईट.

संध्याकाळी रॉकीचे पाय लुळे पडले. दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच त्याचं हृदय थांबलं. निघताना मागल्या दारी पडलेली रिकामी शहाळी सेलिनाने पाहिली होती. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

मातीला निजामभाई धाय मोकलून रडला. “शेवटाक माझ्या हातचा शहाळा पिऊन गेलो, टीचर. तेवढाच माका समाधान.” लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवले. सेलिनानेही फिरवला.

त्या शहाळ्यांनीच घात केला, हे पुढे कधीतरी तिने मला सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, निजामभाईला कळू दे की!

“सांगून रॉकी परत येतलो काय, बाई?” ती म्हणाली. “तो म्हातारो मात्र मरतलो. आणि मीच हसून घेय होतंय ना ती शहाळी?”

आख्ख्या गावाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईने एवढी एक भिडेपोटी तशीच ठेवली होती.

त्या वर्षी अकरावीत निजामभाईची नात बुशरा आली. पेशीचा धडा निघाला, सोडियम झालं, पोटॅशियम झालं आणि सेलिना पुढे गेली. पलीकडून बुशराचा आवाज आला, “टीचर, शहाळं काढायचं राहिलं.”

मग खडूचा आवाज आला.

“इतकं पोटॅशियम जास्त होत नाही का?” बुशराने विचारलं.

“जास्तीचं किडनी बाहेर टाकते.”

“आणि किडनी बिघडलेली असेल तर?”

माझ्या वर्गात मी कविता अर्ध्यावर सोडून उभी राहिले. खोटं सांग, सेलिना, एकदा तरी सांग, असं मी मनात म्हणत होते.

“तर ते रक्तात साठतं,” सेलिना म्हणाली. “आतबाहेरचा फरक कमी होतो. मग हृदय थांबतं.”

बुशरा खाली बसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती सेलिनाच्या नजरेला नजर देईना. ती घरी बोलली की काय, या धास्तीने सेलिना निम्मी झाली.

चर्चमधल्या रॉकीच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, प्रार्थना आटोपून, आम्ही तिच्या अंगणात बसलो होतो. निजामभाई आला, हातात शहाळी, मागे बुशरा. सेलिनाने पोरीकडे पाहिलं. बुशराने हळूच नकारार्थी मान हलवली. निजामभाईने शहाळं सोललं आणि दोन्ही हातांनी सेलिनापुढे धरलं. “रॉकीच्या नावान घे, टीचर.”

ती पिऊ लागली. तो कौतुकाने बघत राहिला आणि नातीला म्हणाला, “तू शिकतंस मा टीचरकडे? तुमच्या पुस्तकात शहाळ्याचा काय लिवला आसा गो?”

सेलिनाचा घोट तोंडातच राहिला. मी बुशराकडे बघत होते. पोरीचे डोळे भरून आले होते.

“बरा लिवला आसा, नाना,” ती म्हणाली. “आजाऱ्याक चांगला म्हणान.”

निजामभाईने खात्रीसाठी सेलिनाकडे पाहिलं. सेलिना टीचरने होकारार्थी मान हलवून ते उत्तर बरोबर ठरवलं आणि शहाळं संपवलं.